अब्बांची वही आणि गावात नसलेला उस्ताद



गेल्या महिन्यात दिग्रस तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलं. मुलगी अकरावीला आहे. मोबाइलवर कुणाची तरी सतार ऐकली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच आहे, सतार शिकायची. पत्रातलं पुढचं वाक्य असं: "तिचे अब्बा म्हणतात, आपल्यात हे चालत नाही, आणि चाललं तरी इथे शिकवणार कोण? आपा, दोन्हीचं उत्तर द्या."

मला त्यांचा दुसरा प्रश्न जास्त आवडला. "चाललं तरी" असं म्हणणारा बाप अर्धा रस्ता चालून आलेला असतो. पण क्रमाने पहिल्याकडे जाते.

मी मुफ्ती नाही आणि या सदरातून फतवा देणार नाही. जे आहे ते लपवणारही नाही. चारही मजहबांच्या बहुतेक फुकहांनी तारेच्या वाद्यांबद्दल कडक मत दिलेलं आहे. अंदालुसचे इब्न हज्म यांना मनाईच्या रिवायती कमजोर वाटल्या आणि त्यांनी वेगळं मत मांडलं. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समा या विषयावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं, ऐकण्याला जागा दिली, पण अटी घातल्या, आणि तारेची वाद्यं त्या जागेच्या बाहेर ठेवली. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बकर (रजि.) रागावले आणि हुजूर (सल्ल.) यांनी त्यांना थांबवलं, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्यावरून कोण कुठपर्यंत जातो हा ज्याच्या त्याच्या इल्मचा प्रश्न. मुलीच्या अब्बांना जर खरोखर दीनची काळजी असेल तर त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावं, आणि उत्तर आलं की ते पाळावं. पण काळजी दीनची आहे की लोकांची, हे आधी स्वतःला विचारावं. या दोन काळज्या दिसायला सारख्या असतात. मी हे अनुभवावरून म्हणते.

आमच्या अब्बांची सतार यवतमाळच्या घरी लोखंडी कपाटावर असायची. जुन्या चादरीत गुंडाळलेली, वर सुतळी. मी लहान असताना ती खाली होती आणि वाजत होती, एवढं मला पुसट आठवतं. अब्बा जिनिंगमध्ये कारकून. गल्लीतल्या एका दर्जीकडून ते शिकले होते. तो दिवसा कपडे शिवायचा आणि ईशानंतर वाजवायचा. मग माझ्या मोठ्या बहिणीचं, बाजीचं, लग्न ठरायच्या दिवसांत मुलाकडची मंडळी घर बघायला आली. त्यांच्यातल्या एका बुजुर्गांनी सतारीकडे पाहून विचारलं, "घरात बाजा वाजतो का?" एवढंच. रागावून नाही, सहज. मंडळी गेली आणि अब्बांनी स्टूल घेतलं. लग्न झालं, चांगलं झालं. सतार मात्र पुन्हा खाली आली नाही. मोठेपणी मी एकदा अब्बांना विचारलं तर म्हणाले, वेळ कुठे मिळतो. तेव्हा ते रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.

मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांच्या घरातली गोष्ट यापेक्षा फार जड आहे. बाबा पाच वक्त नमाजी. त्यांनी मोठ्या मुलीला, जहाँआराला, गाणं शिकवलं. सासरी तिचा तानपुरा जाळला गेला असं सांगतात. मग बाबांनी ठरवलं, धाकटीला शिकवायचंच नाही. धाकटी घरात येता-जाता ऐकत राहिली. एक दिवस भाऊ रियाज करताना चुकला आणि हिने त्याला गाऊन दुरुस्त केलं, ते बाबांच्या कानावर पडलं. ती धाकटी म्हणजे अन्नपूर्णादेवी. पुढे मुंबईत बंद दाराआड त्यांनी निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया अशांना शिकवलं. २०१८ मध्ये त्या गेल्या. इतक्या मोठ्या वादकाची बाजारात एकही रेकॉर्ड नाही. त्यांनी ती होऊच दिली नाही.

अब्बांच्या इंतकालनंतर दोन वर्षांनी मी सुतळी सोडली. भोपळ्याला बोटभर चीर. तारा गंजून तांबूस. तबलीवर झुरळांची घाण. आणि चादरीच्या घडीत एक शंभर पानी वही.

सतार दुरुस्त करायची तर मिरज. यवतमाळकरांना मिरज लांब वाटतं, पण धामणगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की ती थेट मिरजेला सोडते, दुसऱ्या दिवशी. तिथल्या सतारमेकर गल्लीत एकाच आडनावाच्या पाट्या दिसतात: सतारमेकर. ही आपलीच माणसं. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम संपत गेलं आणि फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळवला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. लोखंडाला आकार देणारी बोटं भोपळ्याला आणि लाकडाला आकार द्यायला लागली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. खाण्याचे नव्हेत, कडू, जाड सालीचे, महिनोन् महिने वाळवलेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजेचं आणखी एक नाव म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब. उत्तरेतल्या किराण्याचा हा माणूस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी मिरजेत राहिला आणि १९३७ मध्ये गेल्यावर तिथेच दफन झाला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून भीमसेन जोशी नावाचा कर्नाटकातला पोरगा गुरू शोधायला घरातून पळाला, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दिग्रसच्या मुलीने निदान पळून न जाता आईला सांगितलं, तेव्हा तिच्या अब्बांनी शुक्र मानावा.

तर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने अब्बांची सतार मांडीवर घेतली, आत हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "इथलीच आहे. चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील." भोपळा सांधला, खुंट्या बसवल्या, घोडी घासून जवारी काढली, पडदे सोडून नव्या दोऱ्याने बांधले, तारा नव्या. पंधरा दिवसांनी सतार घरी. हे पडदे सोडून बांधले, हे लक्षात ठेवा. पुढे सांगते.

आता वही. उर्दू लिपीत, अब्बांच्या बारीक अक्षरात, एकूण अकरा गती. पहिल्या पानावर वर "ऐमन" लिहिलेलं, म्हणजे यमन. पण खाली सा-रे-ग नाही! खाली फक्त आकडे, आणि आकड्यांखाली दा, रा, दिर. दोन दिवस मी वही उलटसुलट करत राहिले. मग उजेड पडला. अब्बांनी सतारीच्या पडद्यांना वरून खाली नंबर दिले होते. सात म्हणजे सातवा पडदा. अब्बांना स्वर लिहिता येत नव्हते, किंवा दर्जीला येत नव्हते. बोट कुठे ठेवायचं तेवढं त्यांनी लिहून ठेवलं.

पुढे कळलं की जगात असं लिहिणारे ते एकटे नव्हेत. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी ल्यूट नावाचं वाद्य घराघरात होतं. त्याचं नावच अरबी 'अल्-ऊद'वरून आलेलं. ऊद म्हणजे लाकूड. बगदादहून निघालेला झिरयाब ८२२ मध्ये कुर्तुब्यात पोचला. त्याने ऊदला पाचवी तार जोडली आणि लाकडी नखीऐवजी गरुडाचं पीस वापरलं, असं मक्करी या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. अंदालुसच्या वाटेने ऊद युरोपात गेला. तिथे त्याच्या दांडीला आतड्याचे पडदे बांधले गेले, आपल्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात तसेच, सरकवता येणारे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस नखी सुटली आणि बोटांनी वाजवणं सुरू झालं. मग त्याचे कागद निघाले. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर इटलीवाले आकडा लिहायचे, फ्रान्सवाले अक्षर, म्हणजे त्या तारेवर अमुक पडद्याला बोट. स्वराचं नाव कुठेच नाही. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०७ मध्ये अशी वही छापली. १५३६ मध्ये न्युरेम्बर्गच्या हान्स न्यूझीडलरने खास नवशिक्यांसाठी पुस्तक काढलं: आधी बोटं कशी ठेवायची, मग अगदी सोप्या दोन आवाजांच्या चिजा, मग हळूहळू अवघड. लंडनमध्ये १६०३ साली थॉमस रॉबिन्सनचं पुस्तक निघालं. त्याची सुरुवात संवादाने होते. एक सरदार आहे, त्याला आपल्या मुलांना संगीत शिकवायचंय आणि तो उस्तादाला प्रश्न विचारतोय. आपल्या पत्रातल्या बापासारखाच, फक्त शिकवणारा त्याच्या समोर बसलेला होता.

त्या काळच्या इंग्लंडमधली एक रीत मला फार आवडली. दोन ल्यूट घ्यायची. एकाने छोटी सोपी साथ धरायची, तीच ती, पुन्हा पुन्हा. दुसऱ्याने तिच्यावर अवघड सुरावट वाजवायची. शिकणाऱ्याला सोपी बाजू देऊन उस्ताद अवघड बाजू वाजवू शकतो, आणि पोराला पहिल्या महिन्यातच आपण काहीतरी खरं वाजवतोय असं वाटतं. आज ही वाद्यं शिकणाऱ्यांसाठी त्या सोप्या चिजा पुन्हा छापल्या जातात, सोबत ध्वनिमुद्रण मिळतं: आधी संथ, मग नेहमीच्या लयीत. कारण कागद आणि आवाज एकमेकांशिवाय अर्धे असतात. कागद बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, तिथे किती थांबायचं, किती हळुवार छेडायचं हे सांगत नाही. आवाज सगळं सांगतो, पण इतक्या वेगाने की नवख्याच्या हाती काही लागत नाही.

माझ्याकडे कागद होता. आवाजासाठी मी मोबाइल घेतला आणि यमनची मसीतखानी गत शोधायला लागले.

मसीतखानी म्हणजे काय हे थोडक्यात. अठराव्या शतकात दिल्लीत मसीत खाँ नावाचे सतारवादक होते, तानसेनाच्या घराण्यातले. त्यांनी विलंबित गतीचा साचा बसवला. तीनतालाच्या सोळा मात्रा, सुरुवात बाराव्या मात्रेवरून: दिर दा दिर दा रा, मग समेवर दा दा रा, आणि मग हीच आठ बोलांची जोडणी पुन्हा: दिर दा दिर दा रा दा दा रा. एकदा हे तोंडात बसलं की शेकडो गती याच साच्यातल्या असल्याचं कळतं. फक्त बोट बदलतं, हात तोच राहतो. जलद गतींसाठी एकोणिसाव्या शतकातल्या लखनौच्या रजा खाँसाहेबांचं नाव, रजाखानी. म्हणजे नवशिक्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या शिदोरीवर दोन मुसलमान उस्तादांची नावं आहेत. हे अभिमानाने सांगायला हरकत नाही, नाक वर करून सांगू नये.

मला यमनची तशी गत सापडली. अब्बांच्या आकड्यांशी ती पूर्ण जुळत नव्हती, पण पहिली ओळ जवळजवळ तीच. मी ती लावायची, थांबवायची, वाजवायची. आणि पहिल्याच आठवड्यात माझी बाज तार तुटली. कारण साधं होतं. रेकॉर्डिंगमधल्या सतारीचा सा माझ्या सतारीपेक्षा चढा होता. मी खुंटी पिळत गेले, पिळत गेले, आणि तार फटकन गालाला लागली. म्हणून आधी स्वतःची सतार तिच्या स्वभावाने कुठे बसते ते पाहावं (बहुतेक काळी एकच्या आसपास), तानपुऱ्याचं अॅप त्या सुरावर लावावं, आणि रेकॉर्डिंग त्याच सुरातलं शोधावं. नाही मिळालं तर सूर बदलून देणारी अॅप असतात. तार पिळू नये.

दुसरी चूक जास्त लांब चालली. चार महिने मी उलटा हात वाजवला. मिझराबचं बोट आत घेतलं की दा, बाहेर गेलं की रा. मी नुसतं ऐकून शिकत होते. कानाला दा-रा ऐकू येत होतं, कोणता आतला आणि कोणता बाहेरचा हे कान सांगत नाही. अमरावतीला एका बाईंना दाखवायला गेले. त्यांनी अर्ध्या मिनिटात माझं मनगट धरलं. चार महिन्यांची सवय मोडायला सात महिने गेले. मुलीच्या अब्बांनी हे वाचावं: शिक्षक नाही म्हणजे कधीच नाही, असं करू नका. महिन्यातून एकदा, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा, नागपूर-अमरावतीला घेऊन जा, एक तास बसवा, तो तास शिक्षकांच्या परवानगीने मोबाइलवर भरून आणा. त्यांच्याकडून पुढची गत संथ वाजवून घ्या, प्रत्येक ओळ दोनदा, मध्ये रिकामी जागा सोडून. त्या रिकाम्या जागेत मुलगी वाजवेल. ते चार मिनिटांचं रेकॉर्डिंग बाजारातल्या शंभर व्हिडिओंपेक्षा मोलाचं.

आणि तिने स्वतःचंही भरावं. हे कुणालाच आवडत नाही. मी पहिल्यांदा माझं ऐकलं तेव्हा मोबाइल खराब झालाय असं वाटलं. वाजवताना आपण जे ऐकतो त्यात आपली इच्छा मिसळलेली असते. दर जुम्म्याला एक गत भरायची, तारीख घालून ठेवायची, लगेच ऐकायची नाही. पुढच्या जुम्म्याला ऐकायची.

वेगाबद्दल एकच सांगते. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावता येतो आणि सूर तोच राहतो, ही मोठी सोय आहे. पण अर्ध्या वेगात मींड चिरडल्यासारखी ऐकू येते. म्हणून बोटं अर्ध्या वेगाने शिकावीत आणि मींड पूर्ण वेगात ऐकून. मींड म्हणजे तार पडद्यावर बाजूला ओढून सूर चढवणं. सतारीचा सगळा जीव तिथे आहे आणि बोटाचं सगळं रक्तही. डाव्या हाताच्या दोन बोटांना पहिले तीन-चार आठवडे चरे पडतात. खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा डबीत ठेवावा, बोट त्यावरून फिरवावं. चऱ्यावर पट्टी लावून वाजवू नये, एक दिवस सुट्टी घ्यावी. चौथ्या आठवड्यात घट्टा येतो. भाकरी भाजणाऱ्या बोटांना तो लवकर येतो, असा माझा आपला समज.

आपल्या जिल्ह्याचा म्हणून एक वेगळाच त्रास आहे, तो पुण्या-मुंबईची पुस्तकं सांगत नाहीत. कूलर. एप्रिल-मे मध्ये यवतमाळात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरची ओली हवा सतारीच्या अंगावर आली की दिवसभरात लाकूड फुगतं, रात्री कूलर बंद झाला की आकसतं. खुंट्या सुटतात, तरफा उतरतात, जवारी बसते. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज अर्धा तास नुसते सूर लावत बसायची. आता सतार कूलरच्या खोलीत नेतच नाही. फज्रनंतर आतल्या खोलीत वाजवते, तेव्हा हवाही स्थिर असते आणि लाइटही नक्की असते. खुंटी सरकत असेल तर तिच्यावर शाळेतला खडू घासावा. पावसाळ्यात गोधडीत गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. संध्याकाळी वाजवायचं असेल तर असर-मगरिबच्या मध्ये, आणि अजानच्या आधी पाच मिनिटं मिझराब काढून ठेवायचा. आमच्या शेजारच्या हाजीसाहेबांनी आजवर एकदाही तक्रार केली नाही. ते ऐकत असतील असंही मी म्हणत नाही.

मुलीने कशापासून सुरुवात करावी? भूपाली. पाच स्वर, एकही पडदा सरकवावा लागत नाही. दोन महिने पलटे आणि एक गत. मग यमन. काफीला घाई करू नये, कारण तिथे गंधार आणि निषादाचे पडदे हलवावे लागतात आणि हलवलेला पडदा नवख्या कानाला जागेवर बसवता येत नाही. परीक्षेची हौस असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा आहे. नसेल तर नाही. बारावी संपेपर्यंत रोज पंचवीस मिनिटं पुरे. त्याहून जास्त मागितली तर आईने नाही म्हणावं.

आता पडद्यांची गोष्ट.

वहीतल्या अकरा गतींपैकी दहांवर रागाचं नाव आहे. अकराव्या, शेवटच्या पानावर नाही. वर फक्त बाजीचं नाव लिहिलंय. अब्बांनी ती बाजीसाठी बसवली असावी किंवा बाजीला आवडत असावी, मला माहीत नाही. खाली आकडे. सगळे सात ते पंधरा, म्हणजे मधलं सप्तक, आणि त्यात नववा आणि चौदावा पडदा पुन्हा पुन्हा. आमच्या सतारीवर नववा गंधाराचा, चौदावा निषादाचा. हे दोन्ही सरकणारे पडदे. ते वर असतील तर सूर कोमल आणि गत काफीसारखी. खाली असतील तर शुद्ध आणि गत बिलावलसारखी. आकडा दोन्ही वेळी नऊच. अब्बांनी शेवटचं जे वाजवलं तेव्हा पडदे जिथे होते तिथेच सतार गुंडाळली गेली होती. पंचवीस-तीस वर्षं ते दोन पडदे त्यांनी ठेवले तसेच होते. आणि मी मिरजेला नेऊन सोडून घेतले. कारागिराची काही चूक नाही, त्याने पडदे जिथे असायला हवेत तिथे बांधले. फोटो काढायचं मला सुचलं नाही. घरात कुणाची जुनी सतार असेल तर दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक पडद्याचा फोटो काढा, दांडीवर पट्टी धरून मोजमाप लिहून ठेवा.

गत मी दोन्ही तऱ्हांनी बसवली. दोन्ही तऱ्हांनी ती गत वाटते. अमरावतीच्या बाई म्हणाल्या, काफी असणार. मला बिलावल वाटत होती, कारण लहानपणीचा जो पुसट आवाज आठवतो तो उजळ आहे. पण सहा वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? खरं सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. बाजी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पण तिला विचारायचं तर वहीबद्दल सांगावं लागणार, वहीबद्दल सांगायचं तर सतार का बंद झाली तेही निघणार. त्या घरात तिने चाळीस वर्षं काढली आहेत. ते बुजुर्ग तिचे सासरे. तिच्यावर त्यांची फार माया होती, आणि तिची त्यांच्यावर.

दीड वर्ष मी गप्प बसले. मग गेल्या रमजानच्या आधी बाजीला अकोल्याला फोन केला आणि म्हटलं, दोन गोष्टी ऐकवते, आवडली ती सांग. फोन गादीवर ठेवला. आधी काफीतली वाजवली, मग पडदे सरकवून बिलावलची. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "दुसरी. पण अब्बा मधे थांबायचे, तू थांबत नाहीस." कुठे थांबायचे, मी विचारलं. तिने तोंडाने म्हणून दाखवलं. दुसऱ्या ओळीत समेच्या आधी, एका श्वासाएवढं. ते वहीत कुठेच नाही.

सतार का बंद झाली ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिग्रसच्या भगिनीला: ती गत तुमच्या मुलीसाठी मी भरून ठेवली आहे, काळी एकमध्ये, आधी अर्ध्या लयीत, ओळीनंतर जागा सोडून, मग पुरी. तिसऱ्या आवर्तनात माझी एक मींड कमी पडली आहे, तिथे तिने माझं ऐकू नये. आकडे आणि बोल देवनागरीत उतरवून सोबत पाठवते. भूपाली आणि यमन झाल्याशिवाय तिने ती काढू नये. आणि मिरजेहून सतार आणायला जाल तेव्हा परतीचं तिकीट खालच्या बर्थचं काढा. सतार आतल्या बाजूला, भिंतीला लावून निजवायची, आणि तिच्या अब्बांनी कडेला झोपायचं.